वहिनींना कोण उचलणार?

पॉलिसीचा कागद हातात आला की त्या आधी तो उलटा करत. मग तर्जनी जिभेला लावून शेवटच्या पानावरून एकेक पान मागे येत. समोरचा माणूस पहिल्या पानावरचं हसरं कुटुंब दाखवत असला, तरी त्यांचं लक्ष तिकडे नसे. "'हो' तर सगळेच छापतात. 'नाही' कुठं छापलंय ते दाखवा," असं त्या म्हणत, आणि ते सापडेपर्यंत चहासुद्धा घेत नसत.

हैदराबादच्या काचीगुड्यात आम्ही सगळे त्यांना पॉलिसीताई म्हणत असू. स्टेशनच्या गल्लीत एका औषधाच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. खोलीत टेबल, पत्र्याचं कपाट आणि तीन खुर्च्या. गाडीची घोषणा सुरू झाली की त्या ओळीवर बोट तसंच ठेवून थांबायच्या आणि आवाज संपला की त्याच शब्दापासून पुढे वाचायच्या. उदगीरहून लग्न होऊन इकडे आलेल्या. यजमान लवकर गेले, तेव्हापासून विम्याचं काम. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी दख्खनी, विमा कंपनीशी तेलुगू. पण तिन्ही भाषांत हट्ट एकच.

बेगम बाजारातल्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्याला गोदामाचा विमा हवा होता. ताई गोदाम बघायला गेल्या आणि शेजारच्या गाळ्यात फटाक्यांची खोकी बघून परत आल्या. व्यापारी म्हणाला, "बाई, वो तो पडोसी का माल है." ताई म्हणाल्या, "आग को क्या मालूम सेठ, किसका है? पहले पडोसी को समझाओ, फिर मेरे पास आओ." तो पुन्हा आला तो शेजाऱ्यालाच घेऊन. ताईंनी दोघांचाही विमा काढला, फटाके शहराबाहेर हलवल्यावर. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपल्याला घाई असते तेव्हा ती नकोशी वाटतात.

मलाही ताई तशाच वाटल्या होत्या. ती गोष्ट सांगतो.

मी पॉलिटेक्निकमध्ये भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. त्याआधी दोन वर्षं माझी बायको, वसुधा, जिन्यावरून पडली आणि मणक्याला मार बसला. तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. आम्हा दोघांना भटकायचं वेड. पण आता हॉटेलला फोन केला की पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, न्हाणीघरात खुर्ची वळेल का, हे विचारता विचारता जायचा उत्साहच संपायचा. एकदा नाशिकला हॉटेलवाल्याने "सगळं सोयीचं आहे" असं सांगितलं आणि प्रत्यक्षात चौदा पायऱ्या निघाल्या. दोन वेटरांनी तिला खुर्चीसकट उचलून नेलं. ती कुणाला काही बोलली नाही. मात्र परत आल्यावर वर्षभर तिने प्रवासाचा विषय काढला नाही.

म्हणून मी एक जुनी मिनीबस घेतली आणि बालानगरच्या एका कारखान्यात तिची घरगाडी करून घेतली. मागे खुर्ची वर घेणारा पाळणा, आत पलंग, वसुधाच्या हाताला येईल इतक्या उंचीवरची शेगडी, छोटा फ्रिज आणि खुर्ची आत जाईल असं न्हाणीघर. गाडी तयार झाली तो दिवस डिसेंबरातला होता. संक्रांतीला श्रीशैलमला जायचं, असं मी ठरवूनही टाकलं. राहिला होता फक्त विमा, आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर मदतीला येणाऱ्या कंपनीची योजना.

"काका, ऑनलाइन पाच मिनिटांत होतं," माझी पुतणी म्हणाली. ती गच्चीबावलीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने तीन योजना काढून दिल्या. मी त्या छापून ताईंकडे नेल्या. एकीला त्यांनी बरं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

ताईंनी तिन्ही उलट्या केल्या.

"सर, आरसी बुकात ही गाडी काय म्हणून लिहिली हाय?"

"मिनीबस."

"आणि आत?"

"आत घर आहे."

"मग उद्या काही झालं तर कंपनी म्हणणार, आम्ही मिनीबसचा विमा दिला होता, घराचा नव्हता. बसमध्ये शेगडी कुठून आली? आधी आरटीओत जा. घरगाडी म्हणून नोंद करून आणा. मग बघू."

"त्याला दोन महिने लागतील ताई. संक्रांत जाईल."

"जाऊ द्या. पुढच्या वर्षी पुन्हा येते ती."

मला राग आला. "तुम्हाला पॉलिसी विकायची आहे की नाही?"

"आज नाही," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्यापुढे सरकवले.

घरी येऊन मी पुतणीला फोन लावणारच होतो, तेवढ्यात दारात ताई उभ्या. दोन जिने चढून आल्यासारख्या धापा टाकत होत्या, आणि हातात शिंप्याची टेप. "गाडी न बघता बोलले, ते बरं केलं नाही. दाखवा," म्हणाल्या.

त्यांनी गाडीची लांबी, रुंदी, उंची मोजली. टेप पुरेना तेव्हा मला दुसरं टोक धरायला लावलं. फ्रिज, शेगडी, पाळणा, सगळं वहीत लिहिलं. मग चप्पल काढून पलंगावर चक्क आडव्या झाल्या. "झोपून बघायलेय. ज्याचा विमा काढायचा ते कसंय हे कळायला पाहिजे," असं छताकडे बघत म्हणाल्या. उठल्यावर त्या, एव्हाना पाळण्यावरून आत आलेल्या वसुधाच्या खुर्चीसमोर पलंगाच्या कडेवर बसल्या, म्हणजे दोघींचे डोळे समोरासमोर आले.

"वहिनी, गाडी रस्त्यात बंद पडली तर तुम्हाला काय काय लागेल?"

"न्हाणीघर," वसुधा म्हणाली. "आणि मला कुणी पोत्यासारखं उचलायला नको."

ताईंनी ते दोन्ही तसंच्या तसं वहीत लिहिलं. मग माझ्या तीन कागदांवर हात ठेवून म्हणाल्या, "सर, या तिन्हीत तुमची गाडी उचलून नेतील. वहिनींना कोण उचलणार? हे एकातही लिहिलेलं नाही. आणि दोनांत तर तुमच्या गाडीएवढं वजन ते उचलणारच नाहीत, शेवटच्या पानावर बघा."

मी बघितलं. बारीक अक्षरात तसं खरंच होतं.

त्या गेल्यावर मी पुटपुटलो, "संक्रांत गेलीच म्हणायची." वसुधा म्हणाली, "जाऊ दे. अहो, सहा वर्षांत सगळे तुम्हाला विचारतात, यांना काय चालतं, यांना काय हवं. हिनं मला विचारलं." त्यानंतर मी पुतणीला लावायला पुन्हा हातात घेतलेला फोन खाली ठेवला.

आरटीओत दोन महिने नाही, तीन गेले. नोंद झाली. विमा ताईंनी काढला. त्यात पाळणा आणि फ्रिज वेगळे नाव घेऊन लिहून घेतले. राहिली रस्त्यातल्या मदतीची योजना. त्यासाठी त्यांनी मला आणि वसुधाला घेऊन जे केलं, ते मी दुसरं कुणी केलेलं पाहिलेलं नाही.

त्या दिवशी त्या आमच्या घरीच आल्या. चार कंपन्यांचे मदतीचे नंबर वहीत होते. फोन मोठ्या आवाजावर ठेवून त्यांनी एकेकीला लावला. "गाडी बंद पडलेली नाही हो, पण पडली तर तुम्ही काय विचारता ते ऐकायचंय," असं आधीच सांगून टाकायच्या. पहिल्या ठिकाणी वाजंत्री वाजत राहिली. ताईंनी चहा संपवला आणि फोन बंद केला. दुसऱ्याने गाडीचा नंबर विचारला, मग इंजिनाचा नंबर, मग चासीचा. तिसरा म्हणाला, "मॅडम, पहले पॉलिसी लो, फिर पूछो." चौथ्या ठिकाणी एका मुलीने उचललं. ताईंनी तेच सांगितल्यावर ती हसली आणि हिंदीत म्हणाली, "मी सगळ्यात आधी विचारते, तुम्ही रस्त्यापासून बाजूला आहात ना? आणि गाडीत कोण कोण आहे?"

ताईंनी वसुधाकडे बघितलं. वसुधाने मान हलवली.

तरी ताई तिथे थांबल्या नाहीतच. व्हीलचेअर, पाळण्याची सोय असलेली दुसरी गाडी, गाडीची उंची आणि वजन, हे सगळं त्या कंपनीकडून पत्रावर लिहून मागवलं. पत्र यायला वीस दिवस लागले. तोपर्यंत त्या रोज फोन करत होत्या. मला वाटतं, त्या मुलीला ताईंचा आवाज पाठ झाला असेल.

पत्र आल्यावर ती योजना घेतली, उन्हाळा जाऊ दिला, आणि शेवटी आम्ही निघालो ते ऑगस्टात. ठरलं होतं तसं श्रीशैलमलाच. मन्ननूरच्या पुढे नल्लमलाचं जंगल सुरू झालं आणि सकाळी अकराच्या सुमारास एका चढावर गाडीचा क्लच गेला. जळका वास आला आणि गाडी कडेला थांबली ती थांबलीच. फोनला रेंज नव्हती. नाशिकच्या चौदा पायऱ्या डोळ्यांसमोर आल्या.

वसुधा म्हणाली, "वरच्या वळणापर्यंत चालून बघा. मी इथे बरी आहे."

वळणावर रेंज मिळाली. पलीकडे तीच मुलगी होती की दुसरी, मला कळलं नाही. पण पहिला प्रश्न तोच आला, आणि मी उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली, "सर, मॅडम व्हीलचेअरवर आहेत ना? इथे लिहिलेलं दिसतंय. तीन-साडेतीन तास लागतील, पण दोन्ही गाड्या येतील."

परत आलो तर वसुधाने कुकर लावला होता. खिडकीबाहेर माकडं बसली होती, म्हणून जाळी ओढून घेतली होती. आम्ही आंबट वरण आणि भात जेवलो. पावसाळ्याने जंगल हिरवंगार होतं. ती पलंगावर तासभर झोपली, उठली, न्हाणीघरात जाऊन आली, केस विंचरले. श्रीशैलमकडे जाणाऱ्या एका बसचा ड्रायव्हर थांबून विचारून गेला, तर तिने त्याला आतूनच सांगितलं, "सगळं ठीक आहे." मग मला म्हणाली, "अहो, आपण अडकलोय आणि मला कसलीच घाई नाही. किती वर्षांनी असं होतंय."

अचंपेटहून मोठी क्रेन आली. तिच्या मागोमाग हैदराबादहून एक उंच गाडी आली, मागे खुर्ची चढवायला उतरती फळी असलेली. ड्रायव्हर उतरून हात बांधून उभा राहिला आणि तेलुगूत म्हणाला, "अम्मा, मी काय करू ते तुम्ही सांगा." वसुधाने सांगितलं. खुर्ची ढकलत ढकलत आत गेली आणि कुणी कुणाला उचललं नाही.

शहरात शिरताना मी ताईंना फोन केला. मी सगळं सविस्तर सांगायला सुरुवात केली, तर त्या मध्येच म्हणाल्या, "सर, ते राहू द्या. वहिनी जेवल्या का?"

"जेवल्या."

"मग झालं."

पण संध्याकाळी त्या घरी आल्या आणि वसुधाकडून पहिल्यापासून सगळं ऐकून घेतलं. ड्रायव्हर कुठं उभा होता, तो काय म्हणाला, हे दोनदा विचारलं. माकडांवर खूप हसल्या. जाताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इतकी वर्षं लोकांच्या प्रवासाचे कागद केले. कुठं गेले, काय बघितलं, हे कुणी येऊन सांगत नाही हो. नुकसान झालं तरच येतात."

तेव्हापासून प्रत्येक सहलीनंतर आम्ही त्यांच्याकडे जायला लागलो. वसुधाला जिना नाही चढता येत, म्हणून ताईच खाली उतरून घरगाडीत येऊन बसत. हंपी, औंढा, कन्याकुमारी, सगळं त्यांनी त्या पलंगावर बसून ऐकलं. आमच्याबरोबर चला म्हटलं की, "नक्को, कुणाची गाडी कधी कुठं बंद पडंल काय सांगावं, मी इथं पाहिजे," असं म्हणायच्या.

या वर्षी मात्र त्यांचे गुडघे जिन्याला कंटाळले. उदगीरजवळच्या गावात त्यांची थोरली बहीण एकटी असते. दोघींनी एकत्र राहायचं ठरवलं. ताईंनी कपाट एका नातलगाला दिलं, वह्या नव्या एजंटाला समजावल्या आणि बसचं तिकीट काढायला निघाल्या, तेव्हा वसुधाने त्यांना अडवलं. "ताई, आमच्या गाडीतून चला. आता तरी."

त्या आल्या. जहीराबादपर्यंत ताठ बसून रस्ता बघत होत्या. बीदर दिसायला लागल्यावर वसुधाला इकडे बोट, तिकडे बोट करत लहानपणीच्या खुणा दाखवायला लागल्या. त्यातल्या निम्म्या खुणा जागेवर नव्हत्या, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. दुपारी गावात पोचलो. बहीण ओट्यावर वाट बघत बसली होती. ऐंशीच्या पुढची, वाकलेली, ताईंसारखंच नाक. आम्हाला ताक दिलं, वसुधाच्या खुर्चीला अंगणात सावली शोधून दिली. ताई जमलेल्या सगळ्यांना गाडी आतून दाखवत होत्या, जणू ती त्यांचीच.

ताईंची खोली आता बंद असते. पुढचा विमा पुतणीने ऑनलाइन केला. पाच मिनिटांत झाला, आणि त्यात वाईट असं काही नव्हतं. पण त्या गल्लीतून जाताना वसुधा अजून मला गाडी हळू करायला सांगते.

त्या दिवशी बहिणीच्या गावाहून निघताना मी आरशात बघितलं होतं. दोघी बहिणी अंगणाच्या तोंडाशी उभ्या होत्या. ताई आम्हाला हात हलवत होत्या. थोरलीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिने ताईंच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत ते सोडलं नव्हतं.