सुनंदाताईंचं यंत्र आणि सिल्लोडच्या दोन जावा

जाळीच्या स्टँडमधल्या काचेच्या नळ्यांची ती किणकिण अजून कानात आहे. प्रयोगशाळेत नळ्या मांडताना मी त्या तालावर शाळेतल्या कविता गुणगुणायचो. नव्यानं रुजू झालेल्या डॉ. सुनंदा वाघमारे दारातच थबकल्या. "काका, चाल गोड आहे, पण कडव्यांच्या नादात नळ्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलू देऊ नका हं!" ही आमची पहिली ओळख. आज ताई साठीच्या झाल्या.

तेव्हा मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायकांचं रक्त सिल्लोड-कन्नडहून जीपनं शहरात यायचं. संप्रेरकांचा अहवाल परत पोचेपर्यंत गर्भ राहण्याचे नेमके दिवस सरून गेलेले असत. ताईंना ते फार लागायचं. वर्षानुवर्षं खपून त्यांनी यंत्र घडवलं. नमुना ठेवला की आतला जैवसंवेदक आपणहून संप्रेरकं मोजतो, आणि त्याच सकाळी पडद्यावर आलेख उमटतो.

पहिलं यंत्र वर्षभरापूर्वी सिल्लोडच्या दवाखान्यात बसवलं. तिथं एका घरच्या थोरल्या सुनेचा आलेख असा वेडावाकडा निघाला, की यंत्रच मोडीत काढायची भाषा सुरू झाली. तिच्या घरी तर मुलासाठी दुसरी सोयरीक बघणं चाललं होतं. ताईंनी ना यंत्राला बोल लावला, ना माणसांना. मला घेऊन थेट त्या घराच्या ओसरीवर जाऊन बसल्या. चहा पिता पिता सासूबाईच बोलून गेल्या, "येकाच पोरीचं रगत किती काढायचं वो? वाळून जाईल. म्हून मधनंच तिच्या नावावर धाकल्या सुनंला धाडत व्हते. दोघी येकाच घरातल्या, काय फरक पडतोय?"

मी कपाळाला हात लावला. ताई मात्र खळखळून हसल्या. "मावशी, एका तव्यावरच्या दोन भाकरी तरी सारख्या फुगतात का?"

"नाय बा."

"मग आता थोरलीलाच पाठवा. अन् तोवर सोयरिकीचं थांबवा."

थोरलीची संप्रेरकं अगदी यथास्थित निघाली. "आता मुलाचंही तपासायला हवं," ताई म्हणाल्या. मुलगा तरातरा निघून गेला. त्यानंतर भेटलो की ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, त्या पोरीचं काही कळलं का?"

ताई, दुसऱ्याच्या लेकीसाठी अशी तळमळणारी माणसं दीर्घायुषी असावीत. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, अन् आमच्यासारख्यांना दटावायला तुम्ही शंभरी गाठा.

इथवरचा मजकूर परवा ताईंना त्यांच्या घरी वाचून दाखवत होतो, तोच दार वाजलं. उंबऱ्यात त्याच सासूबाई. मुलाचं मनगट घट्ट धरलेलं.

"बाई, आता याचं बी रगत बघा."