बोटीची रांग

थोरली बसवर कंडक्टर. दिवसभर तोंडात एकच वाक्य, "पुढे सरका, पुढे जागा आहे," मग जागा असो वा नसो. घरातही तिचा कारभार असाच घाईचा. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई जेवतानासुद्धा घासाला मागून धक्का मारते."

आईच्या फुफ्फुसांनी काम कमी करत आणलं होतं. नाकात नळी आणि उशाशी प्राणवायूचं यंत्र. त्याच्या घरघरीमुळे आईनं त्याचं नाव 'घोरोबा' ठेवलं होतं. "पोरांचा बाप गेला, पण घोरणं मागे ठेवून गेला," असं ती येईल त्याला सांगायची. येणारे मात्र फारसे कुणी नव्हते. बाहेर जाणं म्हणजे दवाखाना, आणि तिथून परत. अशाच एका परतीच्या वाटेवर तिला थीम पार्कचा मोठा फलक दिसला. डोंगराच्या बोगद्यात शिरणारी बोट आणि बोटीत हात वर करून ओरडणारी माणसं.

"मला तिथं ने," आई म्हणाली. "जिथून येताना हातात रिपोर्ट नसतो, अशा एखाद्या ठिकाणी जाऊ या."

डॉक्टरीणबाईंनी आधी बोट किती जोरात जाते ते विचारलं. सावकाश जाते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग जा. पुढच्या वर्षावर टाकू नका."

धाकट्याचा परगावाहून फोन आला. "तिथं काही झालं म्हणजे?"

"इथं झालं तर चालणारे का?"

त्यानं विचारलं, "मी येऊ?"

"नको. मग मला दोघांना सांभाळावं लागेल."

थोरलीनं सुट्टीच्या दिवशी आधी रंगीत तालीम केली. चाकाची खुर्ची भाड्यानं आणली आणि आईच्या जागी आपल्या बसच्या ड्रायव्हरला बसवलं. तोही तयारच होता. त्याला ढकलत तिनं सगळं पार्क पालथं घातलं. कुठला उतार अवघड, कुठल्या स्वच्छतागृहाचं दार अरुंद, सावली कुठं, सगळं बघून घेतलं. लोक हळहळत वाट देत होते. ड्रायव्हर मांडीवर हात ठेवून म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी चालवतंय. हॉर्न मात्र दे अधूनमधून." शेवटी ती कार्यालयात गेली, दवाखान्याचे कागद दाखवले, तिथल्या माणसाशी वाद घातला आणि पास मिळवला. रांग नाही, थेट बोटीत. आपली मोहीम फत्ते झाली असं तिला वाटलं.

ठरल्या दिवशी सगळं तसंच पार पडलं. प्राणवायूचा मोठा सिलिंडर फाटकाबाहेरच्या टॅक्सीत ठेवला. आईच्या मांडीवर प्रवासाचं छोटं यंत्र, म्हणजे घोरोबाचं पिल्लू. तेही भाड्याचं, आणि त्याला बॅटरी एकच. बोटीपाशी रांग वळणं घेत उभी होती. दारावरच्या मुलीनं पास बघून दोरी सोडली. "या मावशी, तुम्ही पुढे या."

आईनं खाली वाकून खुर्चीचा ब्रेक लावला.

"आई, काय झालं?"

"मी रांगेत थांबणार."

"अगं, पास आहे आपल्याकडं!"

"दोन वर्षं बघतेय. दवाखान्यात, बँकेत, लिफ्टपाशी, जो तो नळी बघतो आणि मला पुढे घालतो. बोलत कुणी नाही. मला पुढे पाठवायची एवढी कसली घाई झालीय सगळ्यांना?"

थोरलीनं यंत्राचा दिवा बघितला. "बॅटरी रांगेतच संपेल," ती म्हणाली. "मग बोट नाही मिळायची."

"नाही तर नाही."

ब्रेक काढणं काही अवघड नव्हतं. थोरलीचा हात खाली गेलाही. तिनं ब्रेक काढला, खुर्ची वळवली आणि रांगेच्या शेपटाला नेऊन लावली. पास पर्समध्ये टाकला.

पुढं एक जाडसर बाई उभी होती. आईनं लगेच विचारलं, "कमरेला हा पट्टा कसला हो?"

"मणका सरकलाय. तुमची नळी कसली?"

"फुफ्फुसं. संपत आलीत."

"होय का! मला वाटलं, गाणी ऐकताय."

आई हसता हसता इतकी खोकली की थोरली घाबरली. बाई मात्र घाबरली नाही. खोकला थांबेपर्यंत उभी राहिली आणि मग जावयावर आली. "जेवायला बसला की चव न बघता भाजीत वरून मीठ घालतो."

"म्हणजे तुमच्या हातावर भरवसा नाही."

"लग्न झाल्यापासून असंच!"

"एकदा मुद्दाम खारट करून वाढा."

"केली ना. त्या दिवशी नेमकं नाही घातलं मेल्यानं!"

रांग सरकत होती. जावयावरून विषय विहीणबाईंवर गेला, तिथून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून पुन्हा जावयावर. थोरलीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. ती यंत्राचा दिवा बघत उभी होती. बोटींचं पाणी दिसायला लागलं आणि यंत्रानं टिकटिक सुरू केली.

थोरलीनं हिशोब केला. आता पास दाखवला तरी बोट फिरून येईपर्यंत बॅटरी संपणार, आणि फाटक लांब. "आई, निघायला हवं."

"अहो, आलंच की जवळ," बाई म्हणाली. मग तिनं दिव्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं दोरी उचलून धरली. खुर्ची बाहेर काढायच्या आत दोघींनी फोन नंबरही घेतले.

टॅक्सीत सिलिंडर जोडून झाल्यावर थोरली पर्समधला पास काढून बघत बसली. एवढी तयारी, आणि बोट काही झाली नाही. आईनं समजूत काढली नाही. ती झोपली होती.

दुसऱ्या दिवशी थोरली कामावर निघताना फोन वाजला. आईनं तो स्पीकरवर ठेवला.

"काही नाही हो," पट्ट्यावाली बाई सांगत होती, "आत नुसता अंधार. दोन पुतळे हलले आणि संपलं."

"असं तोडून नका सांगू," आई म्हणाली. "बोटीत बसलात कशा, तिथपासून सांगा. पट्ट्याचं काय केलंत?"

"अहो, तीच तर गंमत झाली..."

ड्युटीची वेळ होत आली होती. थोरली चपला घालून दारातच उभी राहिली. बोट अजून बोगद्यात शिरायची होती.