बोरीची हद्द

अहमदपूरच्या बसस्टँडमागे पाट्या रंगवणारे एक चाचा बोरीखाली बसत. लातूर जिल्हा नवा झालेला, त्यामुळे पाटीवरचा जुना जिल्हा खोडून नवा लिहून घ्यायला ही झुंबड. पण 'दुकानावर येऊन रंगवा' म्हटलं, की चाचा मान हलवत.

"सातव्या आसमानात शेवटच्या हद्दीला बोरच हाय, गुरुजी. तिच्यापुढं जिब्रील फरिश्ता बी गेला न्हाई, मी कोन?"

आळसाला एवढा उंच टेकू मी दुसरा पाहिला नाही.

पुढे दुष्काळ पडला. एकदा पलीकडच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला आणि चाचा बादली घेऊन पळत सुटले.

"चाचा, हद्द ओलांडली की!" मी ओरडलो.

परत येऊन त्यांनी अख्खी बादली बोरीच्या बुडाशी ओतली.

"हद्दच वाळली तर थांबायचं कुठं, गुरुजी?"