गत्त्याच्या कमानीची तराई

माझ्या सासऱ्यांच्या मते या पृथ्वीतलावर सरळ म्हणावी अशी एकही भिंत नाही. त्यांनी स्वतः बांधलेल्या तेवढ्या सोडून. त्यांचा सगळा जन्म मिस्त्रीकामात गेला. सौंसरपासून रामाकोन्यापर्यंत त्यांच्या हातच्या भिंती उभ्या आहेत आणि बसच्या खिडकीतून त्या दाखवत दाखवत आणल्याशिवाय ते कुणाला आपल्या घरी आणत नाहीत. आपल्याकडची बस आधीच सावकाश, त्यात हे मध्येच उठून कंडक्टरला सांगतात, "भाऊ, जरा हळू घ्या ना, पुढं उजवीकडे माह्यं काम हाय." काम सोडून आता चार वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात ओळंबा अजून असतो. लोक खिशात पेन ठेवतात, चष्मा ठेवतात; आमचे मामाजी दोऱ्याला बांधलेला लोखंडी लट्टू ठेवतात आणि कुणाकडे चहाला गेले की कपात चहा येईपर्यंत त्या घरातली एक तरी भिंत मोजून मोकळे होतात. "वरून अर्धा इंच बाहेर हाय," असं सांगून ते बिस्किट उचलतात. यजमानाच्या घशाखाली मग चहा उतरत नाही.

मलासुद्धा त्यांनी असंच मोजून घेतलं. मी तेव्हा तिगावच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि पांढुर्ण्याला भाड्याच्या घरात आईसोबत राहत होतो. मामाजी मुलगा पाहायला आले, "जय भीम" म्हणाले, खुर्चीवर बसले नाहीत की माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ मागच्या भिंतीजवळ गेले, हात फिरवला, ओळंबा सोडला आणि वळून आईला म्हणाले, "पोरगं पसंत हाय." पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. आई हरखून गेली. मला मात्र लग्नानंतर वर्षभरानं कळलं, की ते घर पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच बांधलं होतं. म्हणजे ते मला पाहायला आले आणि स्वतःला पसंत करून गेले! प्रज्ञाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग काय झालं? भिंत चांगली हाय ना?" बापाची लेक ती, दुसरं काय बोलणार.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे बांधलेलं पाडणं त्यांना सहन होत नाही. जुनं घर पडत असलं की ते त्या रस्त्यानं जायचं टाळतात. घरात रिकामी काड्यापेटीसुद्धा उभी असेल तर आडवी करत नाहीत. एकदा सौंसरला त्यांच्या शेजाऱ्यानं अंगणातली जुनी चूल फोडली, तर यांनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. आता अशा माणसाला नातू कसा मिळावा? तर आमचा सुमेध. त्याच्याकडे प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा डबा आहे, एकमेकांत टक् टक् बसणारे ते ठोकळे. तो त्यांचा उंच मनोरा करतो, दोन पावलं मागं सरकतो आणि "धडाम!" म्हणून लाथ घालतो. त्या एका धडामसाठीच तो सगळं बांधतो.

मामाजींनी ते ठोकळे पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा बराच वेळ उलटसुलट करून पाहिले. "आपल्या विटेले वर खड्डा असते. याले टेंगूळ काहून?" मग दोन ठोकळे जोडले, ओढून पाहिले आणि चेहरा एकदम बदलला. "बिना मसाल्याचं इतकं पक्कं बसते?" सिमेंट-रेतीचा मसाला कालवण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाचा तो थोडा अपमानच होता, पण ते भुलले. मागच्या उन्हाळ्यात आम्ही सौंसरला गेलो असताना त्यांनी अख्खी दुपार बसून त्या ठोकळ्यांची कमान बांधली. भिंत कच्ची करणारा सांध्यावर सांधा कुठंच नाही, रंगाला रंग जुळलेला, दोन्ही खांब ओळंब्यात. कौतुकानं पाहून झाल्यावर ते पाणी प्यायला आत गेले आणि बाहेरून आवाज आला, "धडाम!"

मामाजी ओरडले. आयुष्यात मजुरावर ओरडले नसतील इतके ओरडले. "बांधलेलं पाडतं काय रे? निंघ इथून! हात नोको लावू पुन्हा!" पाच वर्षांचं पोरगं भिंतीला टेकून उभं राहिलं. रडलं नाही, पण तेव्हापासून त्यानं आबाजी हा शब्दच टाकून दिला. सौंसरला चल म्हटलं की पोट दुखायचं. फोनवर आबाजींचा चेहरा दिसला की हा पलंगाखाली. मामाजी दाखवायचे नाहीत, पण दर दोन दिवसांनी मला फोन करायचे. "काय जवाईबापू, पोरगं काय करून राहिलं?"

"खेळून राहिलं मामाजी."

"काय खेळून राहिलं?"

"तेच, ठोकळे."

मग पलीकडून, "बरं, ठेवतो." असे सात महिने गेले. मला त्या माणसाची दया यायची आणि रागही यायचा. अहो, एवढासा पोरगा, एकदा जवळ घेऊन म्हणा ना, चुकलं माझं! पण भिंत सोडून दुसऱ्या कशाला हात कसा लावायचा हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सुमेधचा सहावा वाढदिवस आला आणि प्रज्ञानं ठरवलं की सगळा बर्थडे ठोकळ्यांचा करायचा. केक ठोकळ्याचा, टोप्या ठोकळ्याच्या, आणि अंगणात गत्त्याच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या, मोठ्या डब्यांची ठोकळ्यांसारखी कमान, तिच्यातून पोरं आत येतील आणि शेवटी सगळे मिळून ती पाडतील. ही बातमी सौंसरला कुणी पोहोचवली ते मला माहीत नाही, म्हणजे मीच पोहोचवली. तीन दिवस आधी मामाजी दारात हजर! एका हातात संत्र्यांची थैली, दुसऱ्या हातात गुंडाळलेला नकाशा. "बांधकाम मी पाहून घेतो," ते म्हणाले, आणि त्यांनी दाराआड कुणी दिसतं का ते पाहिलं. सुमेध मागच्या दारानं शेजाऱ्यांकडे पळाला होता.

पुढचे दोन दिवस आमच्या अंगणात सरकारी काम चालावं तसं काम चाललं. चपला-जोड्यांचे डबे, मिठाईचे डबे, साबणाची खोकी. त्यांनी गल्लीतलं एक दुकान सोडलं नाही. त्यातला प्रत्येक डबा हातात घेऊन त्यांनी वाजवून पाहिला, विटेसारखा, आणि नापास झालेले बाजूला टाकले. प्रज्ञानं पास झालेल्यांवर लाल, पिवळे, निळे पतंगी कागद चिकटवले, वर गत्त्याची गोल टेंगळं लावली. मामाजींनी पाया आखला, चारही कोपरे काटकोनाच्या गुण्यानं तपासले, सूत ताणलं, मैद्याची खळ मसाल्यासारखी फिरवली आणि करणीनं, म्हणजे मिस्त्रीच्या थापीनं, लावली. खळ करणीनं! माझ्यावर डबे उचलून द्यायचं काम होतं आणि मी दिलेल्या दर तिसऱ्या डब्यावर "मास्तर हाय तुम्ही, जाऊ द्या" हा शेरा. सगळं ठीक चाललं होतं, तोच प्रज्ञानं शेवटच्या धडामचं सांगून टाकलं.

करणी थांबली. "पाडाचं असन तर मी बांधत नाही."

"बाबा, लेकराचा बर्थडे आहे हो!"

"लेकराचा हाय म्हणूनच बांधून राहिलो. पाडाले नाही."

शेवटी प्रज्ञानं हात टेकले. कमान पाडायची नाही हे सुमेधला कळलं तेव्हा त्यानं आईला एवढंच विचारलं, "मंग बांधायची कायले?" आणि त्यानंतर त्या कमानीकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगणातून जाताना मान वळवून जायचा. पठ्ठ्या जिद्दीला आजोबांवर गेलेला. मामाजी मात्र जसजसा तो पाहीना, तसतसे आणखी एक थर चढवत गेले. मला ते बघवत नव्हतं. कमान उंच होत होती आणि दोघं लांब जात होते.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी मी दात घासत ओसरीवर आलो. कमान उन्हात नुसती झळकत होती, एकदम ओळंब्यात, खरं सांगतो, दृष्ट लागावी अशी. आणि मामाजी पांढऱ्याशुभ्र पायजम्यात, बादली आणि मग घेऊन, मोठ्या समाधानानं तिच्यावर पाणी मारत होते.

आता ज्यांनी घर बांधलंय त्यांना सांगायला नको, की नव्या बांधकामाला रोज सकाळी पाणी द्यावं लागतं. आमच्याकडे त्याला तराई म्हणतात. तराई चुकली तर भिंत कच्ची राहते, म्हणून मामाजींनी उभ्या जन्मात एक सकाळ चुकवली नाही. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी तराई करून मग मांडवात गेले, असं माझी सासू सांगायची. हाताला सवय, सकाळची वेळ, समोर कालचं बांधकाम. हातानं बादलीतून पाण्याचा मग भरला.

"मामाजी!" मी तोंडातल्या फेसासकट ओरडलो.

आणखी एक मगभर पाणी पडलं, आणि तेव्हा कुठं तो हात हवेतच राहिला. कमान आधी पोटात फुगली. मग एका खांबानं गुडघे टेकले, दुसऱ्यानं त्याच्यावर अंग टाकलं आणि लाल, पिवळं, निळं पाणी मामाजींच्या पायजम्यावरून वाहू लागलं. जराही आवाज झाला नाही. प्रज्ञा पोळपाट हातात घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली.

मामाजींनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. "पयली भिंत पडली माही," एवढंच म्हणाले. ते एकाएकी किती म्हातारे दिसले म्हणून सांगू. मला त्यांच्या सगळ्या अर्ध्या-अर्ध्या इंचांचा राग विसरायला झाला.

तेवढ्यात दारात सुमेध. आज बर्थडे, आणि समोर हा चिखल. आता भोकाड पसरतो म्हणून प्रज्ञा पुढं झाली, पण तो तिच्या बाजूनं निघाला, रंगीत पाण्यातून पचपच करत बादलीपाशी जाऊन उभा राहिला.

"आबाजी," तो म्हणाला. सात महिन्यांनी! "रडू नका ना. माझं तर रोज पडते. मंग आपण पुन्हा बांधतो."

मामाजी म्हणाले, "धडाम झालं बावा."

"धडाम नाही झालं," सुमेधनं त्यांना नीट समजावून सांगितलं. "ओल्याचं धडाम होत नाही. कोरडंच पाहिजे. कोरडे डबे हाय काय अजून?"

होते. वाजवून नापास केलेले सगळे होते. आणि संध्याकाळी गल्लीतली पंधरा पोरं आली तेव्हा कमान नव्हती, नकाशा नव्हता, खळ नव्हती. नापास डब्यांचा ढीग होता आणि पोरं ते वाटेल तसे रचत होती. सांध्यावर सांधा! मामाजी खुर्चीत बसून डोळे मिटून घेत होते. दोनदा त्यांचा हात खिशाकडे गेला आणि दोनदा परत आला. भिंत सगळीच्या सगळी तिगावच्या बाजूला झुकली होती. मग सुमेध आला, त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि म्हणाला, "आबाजी, पयले तुम्ही."

त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा काही पाडलं. एका बोटानं. धडाम!

दुसऱ्यांदा भिंत उभी झाली तेव्हा ते पोरांना समजावत होते, "वरून नोको. खालचा तिसरा डबा ओढ, सगळी येते." तिसऱ्यांदा त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. भिंत कशी उभी राहते हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याला ती कशी पडते हेही ठाऊक असणारच. पण हे ज्ञान त्यांनी इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं आणि त्या संध्याकाळी ते सगळं बाहेर आलं. केकला मुंग्या लागल्या तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

परवा आम्ही सौंसरला गेलो होतो. सुमेध आता सुट्टी लागायच्या आधीच पिशवी भरून बसतो. अंगणात दोघांचं काम चाललं होतं आणि ओळंबा आता सुमेधच्या हातात असतो. दाराचा खांब तपासून झाला, अंगणातला ओटा तपासून झाला, मग खुर्चीवर चढून त्यानं तो आबाजींच्या मानेपाशी धरला. दोरा सरळ खाली आला आणि मामाजींची पाठ त्याच्यापासून चांगली चार बोटं पुढं गेलेली दिसली. मी रोज पाहत नाही म्हणून असेल, पण मला ते त्या दिवशीच दिसलं.

"आबाजी, तुम्ही वाकडे होऊन राहिले."

मामाजींनी ताठ व्हायचा प्रयत्न केला. दोरा हलला, पाठ जिथल्या तिथंच राहिली. मग ते हसले आणि म्हणाले, "मंग काय करतं? पाडतं मले?"

सुमेधनं ओळंब्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. दोरा नीट गुंडाळून लट्टू त्यानं त्यांच्या खिशात परत ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "तुम्हाला असंच ठेवू."