रूपाबाईच्या लॉरीवरचा दावा

हिंगोलीहून कनेरगावकडं जाणाऱ्या सडकेलगतच्या तांड्यात सत्तेचाळीस साली एकच लॉरी होती, आणि ती एका बाईच्या नावावर होती. हिंगोलीच्या मोंढ्यातले अडते यावरून हसायचे. त्यांचं काय जातं हसायला? त्या लॉरीसाठी अंगावरची चांदी रूपाबाईनं उतरवली होती, त्यांच्या बायकांनी नव्हे.

तिचा नवरा भावसिंग लढाईच्या काळात फौजेत लॉरी चालवायला शिकून आला. लढाई संपल्यावर फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा त्याचं डोकं फिरलं. आज्यानं बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहिलं, आपण लॉरीनं कापूस वाहू, असं तो येताजाता बोलायचा. पैसा मात्र नव्हता. रूपाबाईनं गळ्यातली हांसळी काढली, हातातली कडी काढली, माहेराहून आलेलं सगळं सोनाराच्या पुढ्यात ठेवलं. तांड्याचा नाईक रामसिंग नात्यानं तिचा चुलत सासरा. त्यानं चार माणसांत सांगून टाकलं, "चांदी हिची, तं गाडी हिची. भावसिंग चालवील." भावसिंगनं मुकाट मान हलवली. कागदावर नाव कुणाचं का असेना, चाक आपल्या हातात आहे, असं त्यानं मनात म्हटलं असणार. नवऱ्यांचं हे असंच असतं.

पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिकडं गाडी न्यायची तर विमा काढलाच पाहिजे, असा नवा कायदा झाला होता. हिंगोलीतले दुकानदार किसनराव अकोल्याच्या एका विमा कंपनीचं काम बघत. त्यांनी रूपाबाईचा अंगठा घेतला आणि कंपनीच्या अटी एका दमात म्हणून दाखवल्या. त्यातली एक तिच्या बरोबर ध्यानात राहिली. गाडीला अपघात झाला तर मालकानं लगोलग कळवायचं. परतताना तिनं भावसिंगला दोनदा बजावलं. तो "व्हय, व्हय" म्हणाला.

वैशाखात एका सकाळी किसनराव छत्री लावून तांड्यात आले. रूपाबाईनं बाज टाकली, पाणी दिलं. किसनरावांनी पाणी पिऊन घेतलं आणि मग खिशातली नोटीस काढली. त्यांच्या या शहाणपणाचं कौतुकच केलं पाहिजे, कारण नोटीस आधी वाचली असती तर पाणी मिळालं असतं की नाही, शंकाच आहे.

"मागल्या कार्तिकात पैनगंगेपल्याडच्या चढावर तुमच्या लॉरीनं ग्यानबा नावाच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीला धडक दिली," किसनराव म्हणाले. "एक बैल मेला. ग्यानबाची तंगडी मोडली. त्यानं वाशीमला वकील लावला, आन कंपनीला त्याला नऊशे कलदार रुपये भरून द्यावे लागले. तुमी अपघात कळवला न्हाई, अट मोडली. आता कंपनी ते नऊशे तुमच्याकडून मागून राहिली. न्हाई दिले तं लॉरी घेऊन जाईल."

"कोणचा अपघात?" रूपाबाई म्हणाली.

भावसिंग लॉरीचं चाक पुसत होता. तो तेच चाक पुसत राहिला.

रूपाबाईला मग बैल आठवला. कार्तिकात भावसिंग घरचा तांबडा बैल घेऊन गेला होता आणि रिकाम्या हातानं परत आला होता. जवळ्याच्या बाजारात विकला म्हणाला. भाव सांगितला, तो पैसा टायरात गेला म्हणाला, गिऱ्हाइकानं बैलाचे दात कसे बघितले तेसुद्धा सांगितलं. वासराचा बैल तिनं केला होता. तरी चांगला भाव आणला म्हणून तिनं त्या दिवशी नवऱ्याला वाखाणलं होतं.

किसनराव गेल्यावर भावसिंगनं सगळं सांगितलं. धडक बसल्यावर तो पळाला नाही. ग्यानबाला लॉरीत घालून वाशीमच्या दवाखान्यात नेलं, तिथला खर्च केला. दुसऱ्या दिवशी मेलेल्या बैलाच्या जागी घरचा बैल नेऊन दिला. दवाखान्यातच दोघांनी एका ताटात भाकर खाल्ली आणि विषय मिटला.

"आपली रीत हाये ती," तो म्हणाला. "वाटंवर कुणाचं नुसकान झालं, तं वाटंवरच भरून द्यायचं, संगं जेवायचं, आन फिरून त्याचं नाव काढायचं न्हाई. घरी बी न्हाई. आज्यापासून चालत आलंय."

रीत खरी होती. या तांड्याचे लोक बैल हाकत मुलुखभर फिरत, तेव्हा दर मुक्कामाला मागचं भांडण सोबत नेऊन कसं चालेल? कंपनी नावाचा तिसराच कुणी त्यात येऊन बसेल, हे त्या बिचाऱ्या आज्याला कुठून ठाऊक असणार.

"आज्याच्या टायमाला आजी कुठं असायची?" रूपाबाईनं विचारलं.

"संगंच की. बैलामागं."

"मंग तिला सांगायचं काय राहिलं? ती डोळ्यानं बघायची. वाट हेच तिचं घर व्हतं. आता तुमी वाटंवर, आन मी हितं चुलीपाशी. मला सांगायला नको?"

भावसिंगनं हातातलं फडकं झटकून खांद्यावर टाकलं.

संध्याकाळी रामसिंग नाईक येऊन बसला. म्हाताऱ्याचा सल्ला सरळ होता. कंपनी अकोल्याची, इंग्रजांच्या मुलखातली. आपण निजामाच्या राज्यात. लॉरी कुरुंद्याला मेव्हण्याच्या खळ्यात नेऊन उभी करा, वरून कडबा टाका, वर्षभर वऱ्हाडाचं तोंड बघू नका. कोण येतंय धुंडाळायला? भावसिंगचा चेहरा उजळला.

"कडब्याखाली लॉरी ठेवायची, तं आपन वर्षभर काय कडबा खायचा?" रूपाबाई म्हणाली. "आन चोरी केल्यावानी माजी वस्तू मीच काहून लपवू? चांदी मोडून घेतलीय मी. उद्या सकाळी त्या ग्यानबाच्या गावाला जायचं. मी बी येते."

"तू कशाला?"

"गाडी कुनाची हाये?"

नाईकानं तंबाखू मळत दुसरीकडं बघितलं. निवाडा त्याचाच होता.

ग्यानबाचं गाव नदीपल्याड कोसभर आत होतं. लॉरी बघताच त्याची बायको सखुबाई दारात आडवी उभी राहिली. पैसे परत मागायला आलेत, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

"पैसे सरले बाई," तिनं बसा म्हणायच्या आधीच सांगून टाकलं. "सालदार ठेवलाय त्यातून. हे काही आता औत धरू शकत नाई."

ओसरीवरून ग्यानबा काठी टेकत आला. त्याचा उजवा पाय वाकडा जुळला होता. त्यानं भावसिंगकडं पाहिलं, आणि दोघांच्याही माना खाली गेल्या. एका ताटात जेवलेली माणसं होती ती. गोठ्यात तांबडा बैल उभा होता. रूपाबाई त्याच्यापाशी गेली. बैलानं तिच्या हाताचा वास घेतला आणि तिच्या ओढणीत तोंड खुपसलं. ती भांडायच्या तयारीनं आली होती. ग्यानबाचा पाय पाहून आणि बैलाला हात लावून ते भांडण मागं पडलं. ती कामाचं तेवढं बोलायला लागली.

"पायाचा पैसा तुमचा हाये," ती ग्यानबाला म्हणाली. "त्यातला एक पैसा मला नको. नऊशेनं बी पाय सरळ व्हत न्हाई. पन कंपनीकडून मेल्या बैलाचं बी घेतलं का तुमी?"

ग्यानबानं गोठ्यातल्या बैलाकडं बघितलं. मग म्हणाला, "मेव्हण्यानं वकिलाकडं नेलं. दुसरा बैल भेटला हे सांगू नको म्हणे वकील. दोनशे लावले त्याचे."

"बैलाला बैल मी दिला. मंग ते दोनशे कंपनीनं माझ्याकडून काहून घ्यावे? तेवढं हिंगोलीला येऊन सांगा. दुसरं काय मागत न्हाई."

"अन् मंग कंपनी ते दोनशे आमच्याकडून ओढून नेईल," सखुबाई म्हणाली. तिचंही चूक नव्हतं.

"तसं झालं तं ते बी मी देईन," रूपाबाई म्हणाली. भावसिंगनं दचकून बायकोकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती.

ग्यानबा काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिला. "भाकर खाऊन बी मी कोर्टात गेलो," तो शेवटी म्हणाला. "येतो मी, बाई."

आठवड्यानं कंपनीचा साहेब अकोल्याहून हिंगोलीला आला. किसनरावांच्या दुकानात मागच्या खोलीत तो गादीवर बसला होता, टापटीप माणूस, बोलायला गोड. ग्यानबानं दारातच सांगायला सुरुवात केली. बैल मिळाला, दवाखान्याचे पैसे भावसिंगभाऊनं भरले, मला उचलून यानंच नेलं. साहेबानं ऐकून घेतलं. ग्यानबाकडून परत घेण्यासारखं काही नाही, हे साहेबाला त्याच्या धोतराकडं बघूनच कळलं होतं. बैलाचे दोनशे तो रूपाबाईकडच्या मागणीतून कमी करायला तयार झाला. उरले सातशे.

"आणि बाई, तेही तुम्हाला टाळता येतील," साहेब म्हणाला. "हा अपघात तुम्हाला ठाऊक होता का?"

"न्हाई."

"मग झालं तर. ड्रायव्हरनं अपघात माझ्यापासून लपवला, म्हणून मी कळवू शकले नाही, एवढं लिहून द्या. बाकीचं आम्ही ड्रायव्हरकडून बघून घेतो. त्याचं लायसन जाईल, खटला होईल. तुमची गाडी मोकळी."

किसनराव खाकरले. "साहेब, ड्रायव्हर म्हणजे यांचे घरधनी हैत."

"असतील. कागदावर तो ड्रायव्हर आणि या मालक."

भावसिंग उंबऱ्याबाहेर उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. फौजेतून आणलेली खाकी टोपी तेवढी त्यानं काढून हातात घेतली.

साहेबाच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. लपवलं होतंच. सहा महिने लपवलं होतं, वर बैलाच्या दातांची गोष्ट रचून सांगितली होती. रूपाबाईला त्याचा इतका राग होता की या खोलीत त्याच्याकडं बघायचीही तिची इच्छा नव्हती. एक अंगठा दिला की गाडी तिची, कर्ज नाही, आणि नवऱ्याला चांगली अद्दल.

"त्याचं लायसन कशापायी काढता?" तिनं विचारलं.

"अपघात लपवला म्हणून."

"लपवायचा असता तं पळाला असता," रूपाबाई म्हणाली. "चढावर त्या टायमाला कुनी नव्हतं. पळाला असता तं ग्यानबाला नंबर ठाऊक नसता, तुमचे नऊशे वाचले असते, माजा बैल बी वाचला असता. थांबला म्हनून समद्यांचं नुसकान झालं. आन त्याचंच लायसन काढता व्हय?"

साहेबानं हातातला कागद खाली ठेवला.

"माझ्यापासून लपवलं ते माझ्या घरातलं हाये. ते मी बघून घेईन, आन चांगलं बघून घेईन. तुमच्या कागदावर मालकीण मी. अट मी ऐकली व्हती. कळवलं न्हाई ते मालकिणीनं कळवलं न्हाई, आसं लिहा. सातशे मी देते. पन येकदम न्हाई. कापसाच्या सुगीत म्हैन्याच्या म्हैन्याला किसनरावांच्या हातात देईन, आन लॉरीला कुनी हात लावायचा न्हाई."

साहेबानं किसनरावांकडं बघितलं. किसनराव म्हणाले, "बाईंचा शब्द मोंढ्यात चालतो, साहेब." हे आजवर त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, पण त्या दिवशी म्हटलं. कागद तिनं सांगितला तसा लिहिला गेला. तिनं तो दोनदा वाचायला लावला आणि मगच अंगठा उठवला.

ग्यानबाला त्याच्या गावी सोडून लॉरी परत फिरली, तेव्हा ऊन कलत आलं होतं. रूपाबाई पुढंच बसली होती, भावसिंगच्या शेजारी. लॉरीनं नदी ओलांडली.

"सुगीत मी गाडीसंगं येनार," ती म्हणाली. "रोज."

"ये," भावसिंग म्हणाला. मग तो म्हणाला, "तू अंगठा दिला असता, तं मी काय बोललो नसतो."

"ठाऊक हाये मला." ती समोरच्या सडकेकडं बघत होती. "आता सांगा, ग्यानबासारखे आनखी किती हायेत?"

लॉरी दोन शेतं ओलांडून गेली. मग भावसिंगनं घसा साफ केला आणि म्हणाला, "जवळ्याला येक म्हातारी..."

"थांबा," रूपाबाई म्हणाली. "गाडी कडंला घ्या आन मंग सांगा."

त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सांगायला लागला.