उपासाच्या बायकांची डॉक्टरीण

आमच्या डॉक्टर मॅडम पहिल्या दिवशी कुणाची संमतीची सही घेत नसत. नव्या औषधाच्या चाचणीत यायला बाई एका पायावर तयार असली, तरी म्हणायच्या, "आज घरी जा. नवऱ्याशी भांडा, सुनेशी बोला, मग या." महाप्याच्या आमच्या केंद्रात मी त्यांची मदतनीस. चाचणीत माणसं का कमी, हे वर कंपनीला मलाच सांगावं लागे. जीव नुसता मेटाकुटीला यायचा.

चाचणी मधुमेहाच्या गोळीची होती आणि कंपनीची अट अशी, की उपास करणारी माणसं नकोत. आता घणसोली गावात उपास न करणारी बाई कुठून आणायची? मॅडम कपाळाला हात लावायच्या. "अगं, गोळी बाजारात आली की या बायका चतुर्थी सोडणार आहेत का? मग उपाशी पोटी ती काय करते, हे आत्ताच नको बघायला?"

घणसोलीच्या हिराबाईंनी विचारल्यावर ठोकून दिलं, "उपास? नाय बा, मी नाय करत." आणि संकष्टीला आमच्याच बाकावर घेरी येऊन पडल्या. साखर पार उतरलेली. त्या सावरल्यावर मी खेकसले, तर मॅडमनी मलाच बाहेर काढलं. "खोटं त्या नाही बोलल्या. आपण बोलायला लावलं."

नियमाप्रमाणे हिराबाईंना काढावं लागलं. जाताना म्हणाल्या, "मना परत घेशील ना गो बाय?"

"घेईन," मॅडम म्हणाल्या.

त्या एका शब्दापायी मॅडमनी स्वतःला झिजवलं. कंपनीच्या दर बैठकीत उपासाची अट काढा हेच मागणं, तोच नकार. परत आल्या की चपला काढून खुर्चीत टेकायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "चल, पुन्हा अर्ज लिहू या." मला तर वीट आला होता. त्या निवृत्त झाल्या तेव्हाही नकारच होता.

उपासाच्या बायकांना घ्यायची मंजुरी आली ती यंदा, पुढच्या चाचणीसाठी. पेढे घेऊन मी ऐरोलीला त्यांच्या घरी गेले. पेढा हातात धरून त्यांनी आधी विचारलं, "हिराबाईंना कळवलंस?"

काय सांगणार, कपाळ! साखरेनं हिराबाईंच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस सुरू होतं. आता त्या या चाचणीत बसत नव्हत्या.

मॅडमनी पेढा परत ठेवला. "घेईन म्हटलं होतं गं मी त्यांना." मला फार वाईट वाटलं.

परवा हिराबाईंची सून आली. तिलाही साखर निघालीय. "माजी चतुर्थी असते, चालंल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

तिनं लगेच पेन उचललं. मी ते हातातून काढून घेतलं.

"आज नाही. घरी जा. सासूबाईंशी बोल, मग ये."