गावाकडचा माणूस

मी रंगानं आईवर गेले. घारे डोळे, उन्हात लालबुंद होणारी कातडी. मोठा दुष्काळ सरल्यावर राणीसावरगावच्या पुढच्या एका खेड्यात मला शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा गावानं हा रंग बघितला आणि माझी जात परस्पर ठरवून टाकली. आम्ही बौद्ध. मी लहान असतानाच वडलांनी दीक्षा घेतलेली. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नव्हतं. हेडमास्तरांना कागदावरून माहीत होतं, पण ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. कुणी विचारलं तर सांगू, असं स्वतःला समजावत राहिले.

एका शेतकरी घरात खोली मिळाली. घरधनीण पन्नाशीची विधवा, अंगानं दणकट, रंगानं काळीभोर. मी तिला मावशी म्हणायचे. आठ दिवसांत ती 'तुमी'वरून 'तू'वर आली. चुलीपुढं बसवून गरम भाकरी वाढायची, रविवारी डोक्याला तेल लावून द्यायची. केस विंचरताना म्हणायची, "मोठ्या घरची दिसतीस गं. रंगावरनंच कळायलंय." तिच्या काळ्या हातांत माझं डोकं असायचं आणि मी गुमान बसून राहायचे.

हरभरा घाट्यावर आला होता, तेव्हाची गोष्ट. शाळा सुटल्यावर मी ओसरीत वह्या तपासत बसले होते. अंगणात वडील आले.

ते पेडगावला लोकांच्या शेतात राबायचे. परभणीहून रेल्वेनं गंगाखेड, पुढं एस.टी., मग तीन मैल पायी, असं करत पोचले होते. खांद्यावर आईनं शिवलेली वाकळ, अंगात नीळ घातलेला सदरा. ते ओसरीपर्यंत आले नाहीत. दावणीजवळ थांबले, चपला काढल्या आणि मावशीला म्हणाले, "रामराम."

दीक्षेनंतर आमच्या घरात कुणी रामराम म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्याकडं त्यांनी एकदाच बघितलं. मी कुठं बसलेय, कशी बसलेय, एवढ्यावरून त्यांना सगळं उमगलं होतं.

मावशीनं विचारलं, "कोन हाय गं?"

"गावाकडचा माणूस," मी म्हणाले. "आईनं वाकळ धाडलीय."

वडलांनी मान हलवली. "व्हय. बाईंच्या आईनं धाडलीय."

मावशी तांब्या घेऊन गेली. न सांगता ते उकिडवे बसले, ओंजळ पुढं केली. तिनं हातभर वरून पाणी ओतलं. दोघांचे हात मला एकाशेजारी एक दिसत होते. तिचे जरा जास्तच काळे होते. त्यांचं नाव तिनं विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं. ते कुठं थांबले आणि चपला कुठं काढल्या, तेवढं तिला पुरलं. पाणी त्यांच्या कोपरांवरून मातीत गळत होतं. मी हातातली वही तशीच धरून बसले. वाकळ दगडावर ठेवून ते निघाले. मी वेशीपर्यंतसुद्धा गेले नाही.

त्यानंतर मला त्या घरात घास उतरेना. रविवारी मावशी तेलाची वाटी घेऊन आली, तेव्हा मी उठून उभी राहिले.

"मावशी, तो माणूस माझा बाप होता."

ती दचकली नाही. वाटी खाली ठेवत म्हणाली, "ठावं हाय मला. आंगनात आला तवाच कळलं. तुज्यावानीच चालतोय."

"मग पाणी वरून का ओतलं?"

तिनं तेलाची बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "तूच म्हनलीस की, गावाकडचा मानूस. बाप म्हनली आसतीस तर आत बसवलं आसतं."

खरंच बसवलं असतं का? कधी वाटतं, ती खोटं बोलली, माझ्यावर ढकलून मोकळी झाली. कधी वाटतं, खरं बोलली. तेव्हा मला जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी माझं ताट चुलीपुढं नव्हतं. खोलीच्या उंबऱ्यावर झाकून ठेवलेलं होतं. तिनं मला जा म्हटलं नाही. महिना सरला तशी मीच वस्तीतल्या एका बौद्ध घरात राहायला गेले. रस्त्यात भेटली की ती "बरी हायस ना?" विचारायची, पण उत्तर ऐकायला थांबायची नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, माफी मागायची असं ठरवूनच, पेडगावला गेले. घरात शेजारी बसले होते आणि वडील त्यांना सांगत होते, "लेक लय चांगल्या लोकात ऱ्हातीय. म्या गेलतो तर मालकिनीनं सोता पानी दिलं."

शेजारी उठून गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी..."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नोकरी टिकली ना तुजी?"

"टिकली."

ते हसले. अगदी मनापासून, समाधानानं हसले. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. ते हसणं आठवलं की आजही मला पेडगावच्या त्या घरात उभं राहवत नाही.